येताना पांढरी दोन, जाताना पांढरी एक

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकानं माणसाला काय विचारावं? नोकरी कुठं, लग्न झालंय का, किती दिवस राहणार. यांनी यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर हार्मोनियम घेऊन बसले होते. तिला तिकडं सगळे पेटीच म्हणतात. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या गाडीचा हॉर्न वाजवा बरं."

मी मोटरसायकलचा हॉर्न वाजवला. त्यांनी भाता हलवला, दोनतीन काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाबून बघितल्या आणि घरात तोंड करून ओरडले, "अगं, काळी चार हाय. ऱ्हाऊ दे याला." झाली माझी मुलाखत! आधीच्या भाडेकरूचा हॉर्न म्हणे दोन पट्ट्यांच्या मधे वाजायचा. त्या बिचाऱ्याला यांनी अकरा महिने 'तेवढा हॉर्न बदलून घ्या' म्हणून भंडावून सोडलं होतं. शेवटी त्यानं हॉर्न बदलला नाही, घर बदललं.

गाव शिरूर कासारच्या अंगाला, मोठ्या रस्त्यावरच्या एका फाट्यावर. मी रस्त्यांच्या खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून नवा नवा रुजू झालो होतो. ऑफिसातल्या एकानं 'त्या वस्तीत कशाला, गावात बघा की' असं सुचवलं होतं. कशाला म्हणजे काय, हे त्यानं बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण मला समजलं होतं. माझं डोकं सणकलं आणि मी त्याच संध्याकाळी ट्रंक घेऊन तिथं गेलो. आयुष्यात रागाच्या भरात मी पुष्कळ मूर्खपणा केलाय, हा एकच निर्णय बरा निघाला.

सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं आणि त्यांच्या बायकोला आक्का. आबा तिथल्याच हायस्कुलातून प्रयोगशाळा परिचर म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे काय, तर तीस-बत्तीस वर्षं चंचुपात्रं धुतली, कपाटाच्या किल्ल्या सांभाळल्या आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्या विज्ञानाचा प्रत्येक तास ऐकला. सर बदलत गेले, आबा तिथंच. त्यामुळं कुठले सर कुठं चुकतात हेही त्यांना पाठ होतं. निरोप समारंभात शाल-नारळ देऊ केला तर म्हणाले, शाल नको, तो नादकाटा द्या. ठोकला की एकच सूर देणारा तो नादकाटा त्यांच्या उशाशी असायचा. पेटीही शाळेचीच. संगीताचे गुरुजी गेले, जागा भरली नाही आणि पेटी अडगळीत पडली, ती यांनी उचलून दुरुस्त केली. पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर गाणी व्हायची, तिथं पेटीवर आबाच. पण विहारातली पेटी वेगळी आणि ओट्यावरची वेगळी, असं आक्का म्हणायच्या. तिथं ते देवमाणसासारखे बसत आणि ओट्यावर येड्यासारखे.

कारण ओट्यावर ते गाड्या वाजवायचे. एसटी असो, ट्रक असो, टमटम असो, लांबून हॉर्न आला की आबांचं बोट पट्टीवर. गाडी घरासमोरून पुढं गेली की दुसरं बोट दुसऱ्या पट्टीवर, नेहमी खालच्या. मग मान हलवायची, लाल पुठ्ठ्याच्या वहीत काहीतरी लिहायचं आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. येताना आवाज चढा आणि जाताना उतरलेला, ही गोष्ट खरं तर आपण सगळेच रोज ऐकतो आणि सोडून देतो. पुस्तकात तिला कुण्या परदेशी शास्त्रज्ञाचं नाव आहे. आबांना ते कधीच धड म्हणता आलं नाही. ते तिला 'हालता सूर' म्हणायचे.

त्यांना हे खूळ लागलं शाळेतच. सर हा धडा फळ्यावर सूत्र लिहून शिकवायचे आणि प्रयोग म्हणून शिट्टी फुंकत वर्गात चालायचे. चालण्यानं काय कप्पाळ फरक कळणार! एक दिवस आबांनी बॅटरीवरची घंटी दोरीला बांधली, मधल्या सुट्टीत मैदानात उभे राहिले आणि गोफणीसारखी डोक्यावर गरागरा फिरवली. घंटी पोरांकडं येताना सूर वर, लांब जाताना खाली. सगळी शाळा गोळा झाली. हेडमास्तर धावत आले, घंटी जप्त झाली आणि आबांना लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशात त्यांनी एकच ओळ लिहिली होती: 'सर चालत होते, म्हणून फरक ऐकू येत नव्हता.' हा कागद त्यांनी मला दाखवलेला आहे, थापा नाहीत.

पण लाल वही गंमत म्हणून नव्हती. मी राहायला गेल्यावर आठवड्याभरात त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तुमी रस्त्यावाले ना? बघा."

पहिल्या पानावर फक्त एवढंच होतं: 'जीप. येताना काळी दोन. जाताना' आणि पुढं कोरं.

त्या भागातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. लेकरांची शाळा बुडू नये म्हणून गावात हंगामी वसतिगृह चालायचं, मार्च-एप्रिलपर्यंत. शाळा आबांच्या घराला लागून आणि वसतिगृह रस्त्याच्या पलीकडं. म्हणजे साठ-सत्तर लेकरं दिवसातून चार वेळा तो रस्ता ओलांडणार. आदल्या हंगामात पाचवीतल्या एका मुलीला जीपनं उडवलं. जीप येताना हॉर्न वाजला, जाताना वाजलाच नाही. पोरीला उचललं आबांनी. आई-बाप कारखान्यावर, त्यांना यायला चार दिवस लागले. पाय जुळला पण आखूड राहिला. त्या दिवसापासून ही वही.

गावानं गतिरोधकासाठी, त्यांच्या भाषेत ब्रेकरसाठी, अर्ज दिला होता. आमच्या ऑफिसातून उत्तर गेलं की प्रत्यक्ष पाहणीत वाहनांचा वेग मर्यादेत आढळला, सबब गतिरोधकाची आवश्यकता नाही. गावानं पुन्हा अर्ज दिला आणि या वेळी अभिप्राय लिहायला तो माझ्या टेबलावर आला. दिवाळीला तीन महिने होते. आबांना एवढंच पाहिजे होतं की पुढची लेकरं वसतिगृहात यायच्या आधी ब्रेकर व्हावा. वहीत शेकडो गाड्या होत्या आणि त्यांचं म्हणणं होतं की बहुतेक गाड्या सत्तरनं जातात.

मी विचारलं, पेटीवरून वेग कसा कळेल? तर त्यांनी मला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि भुईमुगाच्या शेंगांचं सूप हातात घेऊन समोर उभे राहिले. आधी जागेवर उभं राहून एक, दोन, तीन असं मोजत दर आकड्याला एक शेंग माझ्या छातीवर मारली. मग तसंच मोजत, पण माझ्याकडं चालत येत. प्रत्येक शेंग आधीच्यापेक्षा जवळून सुटायची, म्हणून लवकर लवकर येऊन आदळायची. मग उलटं, मागं सरकत. शेंगा विरळ झाल्या. आवाजाच्या लाटाही अशाच, दाट आल्या की कानाला सूर चढा लागतो आणि विरळ आल्या की उतरलेला. गाडी जितकी जोरात, तितका फरक मोठा.

"अन् फेकणाऱ्याला काय?" आबा म्हणाले. "त्याचं मोजणं तेच, हात तोच. त्याला काईच कळत न्हाई."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढची फजिती टळली असती. पण मी पडलो पदवीधर. मला लॅबच्या शिपायानं शेंगा मारून शिकवावं, हेच मनात कुठंतरी खुपत होतं. आज कबूल करायला काय हरकत आहे?

हिशोबाची रीत त्यांनी गावातल्या दोन भावांच्या पिकअपवरून बसवली होती. तो किस्सा गावात अजून सांगतात. दोघंही भजनात गाणारे, कानाचे पक्के. थोरला पिकअप चालवायचा. धाकटा एकदा आबांच्या ओट्यावर बसलेला असताना पिकअप हॉर्न वाजवत आली आणि धाकटा म्हणाला, आपला हॉर्न पांढरी दोन आहे. थोरला म्हणाला, येडा का काय, मी रोज वाजवतो, काळी एक आहे. दोघांचं एवढं जुंपलं की दोन दिवस घरात बोलणं बंद, चुली वेगळ्या व्हायची पाळी. आबांनी दोघांच्या जागा बदलल्या. धाकट्याला गाडीत घातलं, थोरल्याला ओट्यावर बसवलं. धाकटा परत आला तो म्हणतोय काळी एक आणि थोरला म्हणतोय पांढरी दोन! आता भांडण उलट्या बाजूनं सुरू. शेवटी आबांनी समजावलं की दोघंही खरे आहात, आणि गाडी पुढं गेल्यावरही कान देऊन ऐकलं असतंत तर पांढरी एक म्हणाला असतात. त्याच पिकअपमधला वेगाचा काटा बघून त्यांनी नियम काढला होता: येण्याच्या आणि जाण्याच्या सुरात एक पट्टी सरकली तर गाडी पस्तीसची, दोन सरकल्या तर सत्तरची. मी नंतर सूत्र मांडून बघितलं, बरोबर निघालं.

नंतर बघितलं, हे महत्त्वाचं. आधी मी काय केलं, तर ऑफिसची जीप काढली. ड्रायव्हरला सांगितलं, आबांच्या घरासमोरून सत्तरनं घे आणि हॉर्न दाबून धर. मी पुढच्या सीटवर, काच खाली, कान बाहेर. घर आलं, घर गेलं. सूर जागचा हलला नाही. पुन्हा वळवून आणली, पुन्हा तेच. मला कोण आनंद झाला! ओट्यासमोर जीप थांबवून, चार माणसं बसलेली असताना, मी मोठ्यानं सांगितलं की आबा, तुमचा हालता सूर बिलकुल हालत नाही, सरकारी कागदावर पेटी चालत नसते.

आबांनी विचारलं, "तुमी कुठं बसलतात?"

"जीपमध्ये."

ओट्यावरची माणसं हसली. भावांच्या भांडणाचा किस्सा त्यांना पाठ, त्यामुळं माझी चूक माझ्याआधी त्यांना कळली. आबाही हसले, खोकला लागेपर्यंत हसले. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "समदे सायेब तितंच बसत्यात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चूक समजली होती, पण चार माणसांत हसं झाल्यावर समजलेली चूक कबूल करणारा मी नव्हतो. तडक ऑफिसात गेलो आणि अभिप्रायाचा मसुदा लिहून काढला: वेग मर्यादेत, आवश्यकता नाही. सही तेवढी केली नाही. का केली नाही, सांगता येत नाही. दोन दिवस मी मागच्या दारानं ये-जा केली. आक्का मात्र रोजच्यासारखी भाकरी आणि ठेचा खोलीवर पाठवत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसची जीप मला न्यायला आली, तेव्हा आबाच तिच्यापाशी आले. म्हणाले, आज मी आत बसतो, तू ओट्यावर बस. 'तुमी'चं 'तू' झालं होतं. बरं वाटलं. एवढी वर्षं गाड्या ऐकल्या पण आत बसून हॉर्न असा कधी ऐकला नव्हता, असंही म्हणाले. मी पेटीसमोर बसलो. मला कुठं पट्ट्या ओळखता येतात! आक्का हात पुसत बाहेर आल्या, माझ्याशेजारी टेकल्या आणि जीप लांबून हॉर्न देत आली तशी त्यांनी माझं बोट धरून पांढरी पाचवर ठेवलं. सूर तंतोतंत जुळला. जीप समोरून गेली आणि आवाज एकदम खाली घसरला. आक्कांनी बोट पांढरी चारवर नेलं. मधली काळी धरून दोन पट्ट्या, म्हणजे सत्तर. त्याच वेळी शाळेच्या फाटकात पोरं उभी होती, जीप जाण्याची वाट बघत. मी पहिल्यांदा त्या रस्त्याच्या कडेला बसून रस्ता ऐकत होतो.

आबा परत आले ते चेहरा पाडून. मला वाटलं, चक्कर आली असेल. ओट्यावर बसले, पाणी प्यायले.

"आत काईच व्हत न्हाई रे," ते म्हणाले. "एकच सूर. लई गोड वाटतं आत. तुझी चूक न्हाई लेका. आत बसलं की कुणालाच कळणार न्हाई."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. मी खिशातला मसुदा काढून तिथंच फाडला आणि त्यांची माफी मागितली, चारचौघांत केलेला अपमान होता म्हणून चारचौघांतच मागितली.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं कामाला लागलो. मी दोन खांबांमधलं अंतर टेपनं मोजलं, घड्याळ घेऊन गाड्यांचा वेळ धरायचो. आबा पाठमोरे बसून फक्त ऐकायचे. त्यांचा आकडा आणि माझा आकडा दोन-चारच्या फरकानं जुळायचा. अहवाल तयार झाला. आमच्या वरच्या साहेबांनी तो चाळला आणि म्हणाले, पूर्वीच्या पाहणीत असं काही दिसलं नव्हतं. मी म्हणालो, साहेब, पूर्वीची पाहणी गाडीतून झाली होती. एकदा येऊन उभं राहा. साहेब चिडले, पण आले, गाडीच्या काचा बंद करून. आबांनी त्यांना पेटी दाखवली नाही, वही दाखवली नाही, चहासुद्धा विचारला नाही. फक्त पोरं जिथून रस्ता ओलांडतात तिथं नेऊन उभं केलं आणि स्वतः शेजारी हात मागं बांधून उभे राहिले. वाळूचा एक ट्रक हॉर्न देत आला आणि गेला. साहेब दोन पावलं मागं सरले. आबा जागचे हलले नाहीत. साहेबांनी बोनेटवर कागद ठेवून सही केली.

वसतिगृह उघडायच्या दोन दिवस आधी ब्रेकर झाला. पांढरे पट्टे मी स्वतः उभं राहून मारून घेतले. पहिल्या दिवशी पोरं रांगेनं पलीकडून आली, गाड्या जागच्या जागी मंदावल्या. त्या रांगेत आखूड पायाची ती मुलगीही होती, या वर्षी सहावीत गेलेली. शेवटून दुसरी होती आणि तिच्यासाठी एक एसटी पूर्ण थांबली. आबा ओट्यावरून बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मलाही सुचलं नाही.

आणि मग एक गोष्ट झाली, जिचा मी विचारच केला नव्हता. चार-पाच दिवसांनी आक्का मला म्हणाल्या, "तुमच्या आबाला काय झालं बगा. एकच पट्टी दाबून बसत्यात. माजं डोकं उटलं."

खरंच की! ब्रेकरमुळं घरासमोर प्रत्येक गाडी बैलगाडीच्या चालीनं जायची. येताना जो सूर, जाताना तोच. हालता सूर बंद झाला होता. ज्या आवाजापायी त्या माणसानं नोकरीत खुलासा दिला, आयुष्यभर येडा म्हणवून घेतलं, तो त्यांच्याच दारातून त्यांनीच घालवला होता. मी वही उघडून बघितली. येताना काळी तीन, जाताना काळी तीन. येताना पांढरी सहा, जाताना पांढरी सहा. पानंच्या पानं.

मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, "आबा, हे होणार तुम्हाला माहीत होतं?"

"मग? मला कळणार न्हाई तर कुणाला कळंल?" ते म्हणाले. "गेली गंमत तर जाऊ दे. एक सूर बी काय वाईट न्हाई."

पण वाईट होतं. ते मला दिसत होतं. कधी कधी रविवारी ते माझ्या मोटरसायकलवर मागं बसायचे आणि तीन-चार किलोमीटरवरच्या माळावर चल म्हणायचे. तिथं एका दगडावर बसून तासभर गाड्या ऐकायचे, पेटी नाही, वही नाही. परत येताना एकदम खुशीत असायचे. एकदा मी त्यांना सांगितलं की आता मोबाईलवर सूर ओळखणारं ॲप मिळतं. त्यांनी ते नीट बघितलं, दोन गाड्यांवर पारखून घेतलं, बरोबर आहे म्हणाले आणि मोबाईल मला परत दिला. "याला ऐकू येतंय," म्हणाले, "पण आवडतंय का न्हाई ते कळत न्हाई."

माळावर बसल्यावर ते एक वाक्य हमखास म्हणायचे: जाणाऱ्याचा सूर उतरतो, पण तो उतरलेला कळतो फक्त मागं राहिलेल्याला. दर दिवाळीनंतर अख्खी वस्ती ट्रॅक्टरमध्ये बसून जाताना बघितलेला माणूस तो. त्यांचे आई-बापही तसेच जायचे. ट्रॅक्टरवर भोंगा लावलेला असायचा, गाणं लागलेलं असायचं. आत बसलेल्यांना ते गाणं थेट कारखान्यापर्यंत तसंच ऐकू येई आणि फाट्यावर उभ्या राहिलेल्या लेकराला ते एकदम उतरलेलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडं न बघता. सायन्स मला शाळेत कळलं, म्हणाले, पण ऐकलं त्याच्या लई आधी.

आबा मागच्या वर्षी गेले. आक्कांचा फोन आला तेव्हा मी नोकरीनं विदर्भात, मला वेळेवर पोचता आलं नाही. याची बोच जाणार नाही. पण त्यांची आठवण आली की मला तो ओटा, ती लाल वही असं काही पहिल्यांदा आठवत नाही. आठवतो माझ्या बदलीचा दिवस.

सामान न्यायला त्या दोन भावांचीच पिकअप सांगितली होती. थोरला चालवायला. आक्कांनी शेंगांची चटणी बांधून दिली, डोळे पुसले, मीही पुसले. आबा ओट्यावरून उठले नाहीत. पेटीसमोर बसून होते, माझ्याकडं बघतही नव्हते. मला जरा लागलंच ते. पिकअप निघाली तसा थोरल्यानं रीतीप्रमाणं हॉर्न दाबला आणि मागून पेटी सुरू झाली. काळी एक. थोरल्यानं हॉर्न धरून ठेवला, आबांनी पट्टी धरून ठेवली. गाडी हळूहळू ब्रेकरवर चढली आणि हळूहळू उतरली. मी मान वळवून बघितलं. आबांनी दुसऱ्या पट्टीला बोट लावलं नव्हतं. काळी एकच धरली होती आणि आता ते माझ्याकडं बघून हसत होते.

ब्रेकर संपला आणि थोरल्यानं गिअर टाकला. मागं पेटी अजून काळी एकवरच होती. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, जरा हळूच घे, फाट्यापर्यंत हॉर्न सोडू नको. सामानातल्या कपाटाला आरसा होता, तो फुटेल म्हणून म्हणतोय असं त्याला वाटलं असावं. तो बरं म्हणाला आणि फाट्यापर्यंत बैलगाडीच्या चालीनं गेला.